कामाचा माग

पुण्याहून दक्षिणेला निघालेला महामार्ग क्रमांक 48 कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर अशी गावे घेत बेंगळूरुत शिरतो, तेव्हा शहराच्या आधी पीण्या लागते. डोक्यावरून मेट्रोची हिरवी मार्गिका जाते आणि खाली, 1970च्या दशकात वसू लागलेली औद्योगिक वसाहत चार टप्प्यांत पसरलेली आहे. टर्निंग, गिअर कटिंग, प्रेस टूल, प्लेटिंग, पावडर कोटिंग, तयार कपडे. एका शेडमध्ये जॉब कापला जातो, दोन गल्ल्या सोडून त्याला हीट ट्रीटमेंट मिळते आणि तिसऱ्या ठिकाणी तो ग्राइंडिंगला जातो. शेजारी जलहळ्ळीला एचएमटी उभी राहिली ती 1953 साली. तेव्हापासून या भागातल्या माणसांचा हात यंत्रावर बसलेला आहे. मीही याच रस्त्याने इचलकरंजीहून इथे आलो. घरी यंत्रमाग होते. इथे आल्यावर माझ्या वाट्याला आला तो कारखान्याच्या ऑफिसातला संगणक, आणि त्यातही रात्री चालणारे काम.

ही पुस्तिका त्या रात्रीच्या कामाबद्दल आहे.

वेब फ्रेमवर्कवर बांधलेल्या प्रणालीला दोन तोंडे असतात. एक सगळ्यांना दिसते. ब्राउझरमध्ये पान उघडते, फॉर्म भरला जातो, चलान छापले जाते. दुसरे तोंड टर्मिनलच्या काळ्या खिडकीत असते. जँगो या फ्रेमवर्कमध्ये मॅनेज डॉट पाय या फाइलला कमांडचे नाव सांगायचे, फ्रापे या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये बेंचला, आणि काम सुरू होते. स्टॉकचा ताळा लावणे, सगळ्या पार्टांचे दर नव्याने काढणे, थकलेल्या बिलांची मेल पाठवणे, जुन्या नोंदी काढून टाकणे, डेटाबेसचा साचा बदलणे, ही सगळी कामे त्या खिडकीतली. बहुतेक वेळा माणूसही लागत नाही. ठरल्या वेळी यंत्रच ती सुरू करते.

पान उघडायला वेळ लागला की समोरचा माणूस ओरडतो. म्हणून पानाची काळजी घ्यायला कितीतरी साधने तयार झाली. जँगोचा डीबग टूलबार हे त्यांतले सगळ्यांत लाडके साधन. पानाच्या कडेला बसून किती क्वेरी झाल्या, कशाला किती वेळ गेला, हे ते सांगते. पण ते बसणार पानावर. मागणी आली, उत्तर गेले, या दोन टोकांच्या मध्ये त्याची जागा. कमांडला पानही नसते आणि वाट पाहणारा माणूसही नसतो. त्यामुळे जी कामे सर्वांत जास्त वेळ खातात, तीच सर्वांत पोरकी राहतात. ही गोष्ट मला बरीच वर्षे खटकत आली आहे. लिहायला बसलो त्यामागे हेच एक मोठे कारण.

दुसरे कारण एक प्रसंग आहे. तो जरा सविस्तर सांगतो.

पीण्यातल्याच एका कारखान्यात मी काम करत होतो. रोज मध्यरात्रीनंतर एक कमांड सगळ्या पार्टांचे दर नव्याने काढायची. असेंब्लीत कोणते पार्ट, त्या पार्टांत कोणता कच्चा माल, त्याचा आजचा भाव काय, असे खालून वर जोडत जायचे. सुरुवातीला हे काम पाऊण तासात होई. मग दोन तास लागू लागले. पुढे तर सकाळची शिफ्ट येऊन उभी राहायची आणि आमची कमांड अजून चालूच असायची. स्टोअरकीपर पावती करायला बसला की पान अडकायचे. आम्ही जे सगळे करतात तेच केले. मेमरी वाढवली. डेटाबेसला दोन इंडेक्स जोडले. सर्व्हरची खोली कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून होती, ती बदलली. प्रत्येक वेळी कोणीतरी ठामपणे सांगायचे की घोळ नक्की इथेच आहे, आणि प्रत्येक वेळी सकाळी कमांड चालूच असायची. पैसे गेले, पण त्याहून जास्त गेला तो विश्वास. कॉम्प्युटरवाल्यांना काही कळत नाही, असे शॉपवर बोलले जाऊ लागले, आणि ते खोटे नव्हते.

शेवटी एका रविवारी मी ती कमांड थोड्याच पार्टांपुरती, पण पूर्ण नोंद ठेवत चालवली. कोणते फंक्शन कधी सुरू झाले, त्याने कोणाला बोलावले, कधी संपले, हे सगळे कालरेषेवर काढलेले चित्र मिळाले. ते मोठ्या कागदावर छापून सोमवारी टेबलावर पसरले. चित्रात वर दोन-तीन रुंद पट्ट्या होत्या आणि त्यांच्या खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बारीक बारीक उभे दात. हजारो. सगळे एकसारखे.

आमचे फोरमन बेळगावचे. सगळे त्यांना मामा म्हणत. ते चहाचा ग्लास घेऊन आत आले, कागदाकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय ओ? फणी काढलीय काय?"

मी सांगितले, "नाही मामा, हा एकेक दात म्हणजे एकदा डेटाबेसकडे जाऊन येणे."

"कशाला जातंय?"

"पार्टाचा दर विचारायला."

"दर पार्टाला वेगळं?"

"हो."

मामांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे एकेका नटासाठी माणूस स्टोअरला पाठवताय होय? एकदाच यादी लिहून द्या की त्याच्याजवळ. सगळं एका फेरीत येतंय."

संगणकशास्त्रात या दोषाला एन अधिक एक क्वेरी म्हणतात. एक क्वेरी यादी आणायला आणि मग यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी आणखी एक. जँगोत त्यावर सिलेक्ट रिलेटेड आणि प्रीफेच रिलेटेड असे उपाय आहेत. दोन्हींचा अर्थ मामांच्या वाक्याहून वेगळा नाही. गणितही साधे आहे. तीन हजार पार्ट धरा, प्रत्येकाच्या यादीत सरासरी चाळीस ओळी, ओळीमागे तीन फेऱ्या. तीन लाख साठ हजार फेऱ्या झाल्या. फेरीला पाच मिलिसेकंद धरले तरी अर्धा तास नुसत्या येण्याजाण्यात. त्यात एकच सब-असेंब्ली दहा असेंब्लींत असेल आणि तिचा हिशेब दहाही वेळा पहिल्यापासून होत असेल, तर तास कुठे जातात हे वेगळे सांगायला नको. आमच्याकडे हे दोन्ही होते. नवी मेमरी त्यावर काय करणार? यातली एकही फेरी हळू नव्हती. फेऱ्याच फार होत्या.

त्या दिवशी लक्षात आले की मला जे चित्र वाचायला दोन दिवस लागले असते, ते त्या माणसाने चहा निवायच्या आत वाचले. त्याला पायथन येत नव्हते. पण काम कुठे अडते हे बघण्यात त्याचे आयुष्य गेले होते.

घरी मागावर बसलेल्या माणसांना फणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तिच्या दातांतून ताण्याचे धागे ओवलेले असतात, आणि कापडात एखादी उभी रेघ सारखी दिसू लागली की विणकर फणीतला तो दात शोधतो. मराठीत माग हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक हा, कापड विणणारा. दुसरा पावलांचा, चोराचा, हरवलेल्या गुराचा. इंग्रजीतल्या ट्रेसिंगला मराठी शब्द शोधताना मला माग काढणे हाच पहिल्यांदा सुचला आणि तोच ठेवला. या पुस्तिकेत जिथे जिथे माग म्हटले आहे तिथे दुसरा अर्थ घ्यायचा. पण पहिला अर्थ मनातून पुसायची गरज नाही, कारण या विद्येचा एक धागा खरोखरच मागापाशी जातो.

ते असे. माग काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रत्येक हालचालीची नोंद होते. पायथनमध्ये भाषेनेच त्यासाठी दार ठेवले आहे. फंक्शन सुरू झाले किंवा संपले की आपण नेमलेल्या नोंदकाला हाक जाते. सीप्रोफाइल याच दाराने आत येतो आणि शेवटी कोणते फंक्शन किती वेळा चालले, त्याचा स्वतःचा वेळ किती आणि त्याने बोलावलेल्यांसकट एकूण वेळ किती, याचा तक्ता देतो. विझट्रेसर तक्त्यावर थांबत नाही. प्रत्येक घटना तिच्या वेळेसकट ठेवतो आणि पर्फेटो या दर्शकात तिचे चित्र उघडतो. ही झाली जॉब कार्डाची रीत. जॉब ज्या ज्या यंत्रावर गेला तिथे आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहायची. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने 1921 साली अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांपुढे प्रक्रियेचे तक्ते मांडले, तेव्हा त्यांनीही हेच केले होते. काम, वाहतूक, तपासणी, साठवण, प्रत्येकाची वेगळी खूण.

दुसऱ्या रीतीत नोंदक आत येतच नाही. तो बाहेर उभा राहून ठरावीक अंतराने डोकावतो आणि या क्षणी काय चालले आहे एवढेच टिपतो. पाय-स्पाय हे साधन मुळात सेकंदाला शंभर वेळा असे डोकावते. चालू असलेली कमांड बंद न करता, तिच्या कोडमध्ये एक ओळ न बदलता ते तिला जोडता येते. ही सुपरवायझरच्या फेरीची रीत. आणि तिचा उगम कापडगिरण्यांत आहे. 1930च्या दशकात ब्रिटनमधल्या सूतगिरण्यांच्या संशोधनात काम करणाऱ्या एल. एच. सी. टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले की दिवसभर प्रत्येक मागाजवळ घड्याळ घेऊन बसायची गरज नाही. मधून मधून शेडमध्ये जावे, एका नजरेत किती माग चालू आणि किती बंद ते मोजावे. अशा पुरेशा नजरा जमल्या की बंद वेळेचे प्रमाण कळते. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वडील शेडच्या दारात उभे राहून नुसत्या आवाजावरून किती माग थांबलेत ते सांगायचे, ते आठवले.

या दुसऱ्या रीतीतून आलेले चित्र म्हणजे फ्लेम ग्राफ. ब्रेंडन ग्रेग यांनी 2011 साली डेटाबेसच्या एका अडचणीवर काम करताना ते पहिल्यांदा काढले. खालून वर चढत जाणाऱ्या पट्ट्या. पट्टी जितकी रुंद तितका त्या फंक्शनचा वाटा मोठा. नवखा माणूस इथे हमखास फसतो. डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकतो असे त्याला वाटते. तसे नाही, पट्ट्या तिथे नावाच्या अक्षरक्रमाने लावलेल्या असतात. आमची फणी फ्लेम ग्राफमध्ये दिसली नसती. हजारो दात एकत्र होऊन एक रुंद पट्टी झाली असती, आणि एक मोठी क्वेरी हळू आहे की लाखभर छोट्या आहेत, हे कळले नसते. वेळ कुठे गेला हे विचारायचे असेल तर फ्लेम ग्राफ. कसा गेला हे विचारायचे असेल तर कालरेषा. मी स्वतः नेहमी कालरेषेपासून सुरुवात करतो, आणि पहिले प्रकरण त्यामुळेच तिचे आहे.

जँगोच्या कमांडची कालरेषा पहिल्यांदा उघडली की आपले काम सापडतच नाही. डावीकडे भलताच पसारा असतो. सेटिंग वाचल्या, सगळी ॲप आणि मॉडेल आत आली, कमांडचे नाव शोधून तिचा वर्ग भरला, प्रणालीच्या तपासण्या झाल्या, आणि मग कुठे हँडल नावाचे फंक्शन दिसते. आपण लिहिलेले काम तिथून सुरू होते. लेथवर काम केलेल्याला हे लगेच समजते. चक बांधणे, टूल लावणे, शून्य घेणे हा सेटिंगचा वेळ, आणि मग सायकल टाइम. दर मिनिटाला सुरू होणारी, दोन सेकंदांत संपणारी कमांड असेल तर तिचा जवळजवळ सगळा वेळ सेटिंगमध्येच जात असतो. अशा कमांडच्या हँडलमध्ये कितीही कसब दाखवले तरी फरक पडत नाही; शंभर जॉब एका सेटिंगमध्ये घ्यावे लागतात. डोनाल्ड नूथ यांनी 1971 साली फोर्ट्रानमधले बरेच प्रोग्राम तपासले, तेव्हा कोडच्या चार टक्क्यांहून कमी भागात अर्ध्याहून जास्त वेळ जातो असे त्यांना आढळले. तो भाग कोणता, हे आधी ओळखता येईल असे मात्र समजू नये. आमची मेमरी, इंडेक्स आणि खोली ही त्याची साक्ष आहे.

नोंदीलाही वेळ लागतो, हे विसरून चालत नाही. जॉब कार्ड भरण्यात टर्नरची मिनिटे जातात, तसेच इथे. प्रत्येक कॉलमागे थोडा भार पडतो, त्यामुळे ज्या कोडमध्ये बारीक फंक्शनचा गजबजाट आहे ते असते त्याहून वाईट दिसते. विझट्रेसरची वही मुळात दहा लाख नोंदींची. ती भरली की सर्वांत जुन्या नोंदींवर नव्या चढतात. कमांड शेवटी कशी कोसळली हे पाहायला ते सोयीचे, सुरुवात पाहायची असेल तर घातक. पाय-स्पाय थांबून राहिलेल्या धाग्यांना मुळात मोजतच नाही, तसे वेगळे सांगावे लागते. डेटाबेसची वाट पाहण्यातच रात्र घालवणारी कमांड त्यामुळे कागदावर अगदी निर्मळ दिसू शकते. आणि जँगोत डीबग चालू ठेवून लांबलचक कमांड चालवू नये. प्रत्येक क्वेरीची आठवण मेमरीत साठत जाते. हल्ली तिला नऊ हजारांची मर्यादा आहे, पण मोठ्या क्वेरी असतील तर नऊ हजारही पुष्कळ होतात. या खाचाखोचांना मी पुस्तिकेत मुद्दाम जास्त जागा दिली आहे. चुकीचा माग हा माग नसण्याहून वाईट, कारण त्यावर माणूस विसंबतो.

पीण्याबद्दल लिहिताना एक जागा टाळून पुढे जाववत नाही. इस्रोचे इस्ट्रॅक हे केंद्र इथेच आहे. दूरमापन, माग आणि आज्ञा ही तिन्ही कामे त्याच्या नावातच आहेत. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे विक्रम हे यान चंद्रावर उतरत असताना देशभरातल्या लोकांनी इथल्याच पडद्यांकडे पाहिले. आखलेल्या मार्गाची रेघ आणि प्रत्यक्ष मार्गाची रेघ यांच्यात फट पडली, आणि कोणी काही बोलण्याआधी ती बघणाऱ्याला कळली. पृष्ठभागापासून 2.1 किलोमीटरवर असेपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे होते, मग संपर्क तुटला, असे नंतर सांगण्यात आले. ते यान पुन्हा हाती लागणार नव्हते. हाती होती ती त्याने उतरता उतरता पाठवलेली नोंद. ती नोंद उकलून पुढचे यान बांधले गेले आणि 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी ते उतरले. त्या संध्याकाळी आमच्या शेडमध्ये यंत्रे बंद करून सगळे एका मोबाइलभोवती जमले होते. आमची रात्रीची कमांड आणि चंद्रावरचे यान यांची तुलना करायचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे तीच. जे लांब, अंधारात, आपल्या हाताबाहेर चालते, त्याने स्वतःबद्दल काही लिहून ठेवले असेल तरच पुढच्या खेपेला दुरुस्ती होते.

पुस्तिकेचा दुसरा भाग फ्रापे आणि ईआरपीनेक्स्ट यांच्यावर आहे. लहान कारखान्यांत ईआरपीनेक्स्ट हीच प्रणाली मला सर्वांत जवळची वाटते, आणि ती आपल्या मुंबईतली. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यातल्या गरजेतून हे काम सुरू केले, 2008 साली कंपनी काढली आणि कोड सर्वांसाठी खुला ठेवला. त्यात वर्क ऑर्डर, ऑपरेशन, वर्कस्टेशन, जॉब कार्ड हे सगळे दस्तऐवज आहेत. कारखान्यातल्या प्रत्येक जॉबचा वेळ टिपणारी ही प्रणाली. तिच्या स्वतःच्या कामाचे कार्ड मात्र क्वचितच कोणी भरते. खरे तर सोय आहे. बेंचच्या कमांडला प्रोफाइल हा पर्याय जोडला की सीप्रोफाइलचा तक्ता समोर येतो. मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी फार थोड्यांनी तो वापरला होता.

मागील तारखेची नोंद हे प्रकरण तर प्रत्येक स्टोअरकीपरने वाचावे असे मला वाटते. मार्चमध्ये आलेल्या मालाची पावती कोणी जूनमध्ये केली, की त्या तारखेनंतरच्या त्या मालाच्या सगळ्या हालचालींचे मूल्य नव्याने काढावे लागते. ईआरपीनेक्स्ट हे काम पाठीमागे, आपोआप करते. पावती करणाऱ्याला एक बटण दाबल्यासारखे वाटते, आणि रात्री सर्व्हर तीन महिन्यांची वही पुन्हा लिहीत बसतो. या कामाचा माग छापून मी एका स्टोअरमध्ये भिंतीवर लावला. त्यानंतर तिथे पावत्या त्या त्या दिवशी होऊ लागल्या. कोडची एक ओळही बदलली नव्हती.

या पुस्तिकेतली भाषा काही वाचकांना खटकेल. सेटिंग, जॉब, फेरी, खोळंबा, फणी असे शब्द संगणकाच्या पुस्तकात कशाला, असे एका मित्राने विचारले. माझे म्हणणे असे की हे चित्र दोन प्रकारच्या माणसांनी एका टेबलावर बसून वाचायचे आहे. एकाला कोड माहीत, दुसऱ्याला काम. पीण्यात ते दोघे एकाच छपराखाली असतात, मध्ये फक्त काचेचे एक दार असते. मामांना तो कागद दाखवायचा असे मी ठरवले नव्हते. ते चहा प्यायला आत आले म्हणून तो त्यांना दिसला. ते योगायोगावर राहू नये, एवढ्यासाठी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक चित्र पूर्ण पानभर छापले आहे आणि त्याखाली कोडचे एकही नाव नाही. ते पान फाडून शॉपवर न्यावे.

पुस्तिकेतले सगळे माग खऱ्या कामांचे आहेत. पार्ट नंबर, दर आणि पुरवठादारांची नावे तेवढी बदलली आहेत. वाचणाऱ्याला पायथन थोडेफार येते आणि टर्मिनल उघडायची भीती वाटत नाही, एवढे मी गृहीत धरले आहे. पहिले प्रकरण वाचताना आपल्याच कारखान्यातली एखादी कमांड शेजारी चालू ठेवावी, तीही दिवसा आणि डेटाची वेगळी प्रत घेऊन.

मामा आता निवृत्त होऊन बेळगावला असतात. त्या सोमवारी त्यांनी पेन्सिलने एक दात गोल करून त्याच्याशेजारी "१ नट" असे लिहिले होते. तो कागद, चहाच्या ग्लासाच्या डागासकट, पहिल्या प्रकरणाच्या आधी छापला आहे.